मुलगा तुमचाच समजा

१

दर रविवारी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या सुमाराला श्रीरंगचा फोन यायचा. रविवारी लाँग डिस्टन्सचे दर उतरतात हे एक कारण. दुसरं म्हणजे कॉलेजात आठवडाभर पिझ्झा खाऊन कंटाळलेल्या पोराला घरचा स्वयंपाक निदान कानांनी तरी जेवायचा असायचा. इथे परदेशातच, एडिसनमध्ये जन्मलेलं, इंग्रजीतच वाढलेलं पोर ते. पण फोनवरचं पहिलं वाक्य मराठीत बोलायचं, हा आमच्या दोघांचा ठराव होता. "आई, आज काय केलंयस?" एवढंच. मी भरली वांगी म्हटलं की तिकडून एक सुस्कारा यायचा आणि मग पुढचं सगळं इंग्रजीत.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी हात पुसत फोन उचलला. आवाज त्याचाच होता. जरा शांत, जरा सावकाश.

"नमस्कार काकू. कशा आहात?"

इथल्या मराठी मुलांना आम्ही सगळ्या बायका काकू. गणपतीला पंचवीस मुलं घरात आली की सगळीकडून काकू, काकू चालू असतं. पण ते दुसऱ्यांच्या आईला. मला वाटलं, त्याच्या बरोबरचा अमित चेष्टा करतोय, आवाज काढण्यात तो पटाईत आहे. म्हटलं, काय रे अमित, तुझ्या आईला फोन लाव आधी, ती बिचारी वाट बघत असते.

तर पलीकडून अगदी नम्रपणे उत्तर आलं, "मी श्रीरंग बोलतोय, काकू."

मी त्याला चार शब्द सुनावले, तोही हसला आणि मग अभ्यासाचं, थंडीचं, मोज्यांचं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर कळलं की तेवढ्या बोलण्यात त्याने मला एकदाही आई म्हटलेलं नाही. आमचे हे, हेमचंद्र, पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, अगं गंमत करत असेल, या वयात मुलं आचरट होतात. मला पटलं. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर मायक्रोस्कोपमधून बघायचं आणि जे दिसतं तेच लिहायचं, मनचं काही घालायचं नाही, हा माझा धंदा. एका शब्दावरून काहूर माजवणारी बाई मी नव्हे.

पण भात मात्र त्या दिवशी करपला.

२

त्याच्या आदल्याच शनिवारी आम्ही पेनसिल्व्हेनियात त्याच्या कॉलेजला जाऊन आलो होतो. श्रीरंगने तिथे एका फ्रॅटर्निटीत नाव घातलं होतं. ही काय भानगड असते ते मला तोवर माहीत नव्हतं. पंचवीस-तीस मुलं एका जुन्या घरात एकत्र राहतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात आणि हे नातं म्हणे जन्मभराचं. मी म्हटलं, आमच्याकडे भाऊबंद म्हटले की लगेच भाऊबंदकी आलीच, कोर्टकचेऱ्या आल्या. श्रीरंगला त्यातलं काही कळलं नाही, पण हेमचंद्र खूप हसले. आईबापांना जेवणाचं आमंत्रण होतं म्हणून मी काठाची साडी नेसून, वर कोट चढवून गेले.

घर टेकडीवर होतं. पुढे पांढरे खांब, आत काळपट लाकूड, आणि मेणाचा नि ओल्या लोकरीचा वास. मिस्टर कॉल्डवेल नावाचे एक गृहस्थ दारात उभे होते. जुने विद्यार्थी, आता त्या घराची देखभाल बघतात. वाळलेल्या खारकेसारखा माणूस, पण बोलणं लोण्यासारखं. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा नेलं ते हॉलमधल्या भिंतीकडे. फ्रॅटर्निटीतले नामवंत सदस्य, म्हणाले.

नामवंत म्हटल्यावर मला वाटलं, मिशाळ म्हातारे असतील, छातीवर बिल्ले असतील. तसं नव्हतं. एका ओळीत कोवळ्या पोरांचे फोटो होते. काळा कोट, चापून बसवलेले केस, मिसरूडसुद्धा धड नाही. ज्या दिवशी घरात घेतलं त्या दिवशीचा फोटो लावायचा, अशी तिथली पद्धत. खाली पितळी पट्टीवर तो पुढे कोण झाला ते कोरलेलं. एक न्यायाधीश, एक बिशप, एक रेल्वेचा अध्यक्ष, एक मोठा सर्जन. नव्या मुलांना या सगळ्यांची चरित्रं तोंडपाठ करावी लागतात. श्रीरंगने आमच्यासमोर घडाघडा म्हणून दाखवली, लहानपणी पाढे म्हणायचा तशी, एका दमात. हेमचंद्रांची छाती फुगलेली मी बघत होते.

मला मात्र ती पोरं कशी तरीच वाटली. फोटो काढताना माणूस कॅमेऱ्याकडे बघतो किंवा लाजून दुसरीकडे बघतो. यांच्या चेहऱ्यांवर, कुणीतरी हाक मारील म्हणून कान देऊन बसल्याचा भाव होता. सगळ्यांच्या. जुन्या काळी फोटोला बराच वेळ हलू देत नसत, त्यामुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं.

जेवण झाल्यावर एकेक बाप उठला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एक वाक्य बोलला आणि बसला. सगळ्यांचं वाक्य एकच. आम्ही आमचा मुलगा तुम्हाला उसना देतो आहोत. त्यातल्या बहुतेकांचे बाप-आजे याच घरातले, त्यांना काय बोलायचं ते ठाऊक होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हेमचंद्रांना तो उसना शब्द फार कोरडा वाटला, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. आमच्याकडे मुलाला शाळेत घालताना, शहरात कुणाकडे शिकायला ठेवताना काय म्हणतात? तेच ते म्हणाले. सांगलीला त्यांच्या वडिलांनी त्यांना मास्तरांच्या हवाली करताना जे म्हटलं असेल तेच, फक्त इंग्रजीत.

"आजपासून हा तुमचाच मुलगा समजा. आमचा आता काही हक्क नाही."

जेवणाच्या खोलीत काट्या-चमच्यांचा आवाज थांबला. मला वाटलं इंग्रजी चुकलं की काय. मग मिस्टर कॉल्डवेल उठले, माझ्याकडे वळले आणि फार मऊ आवाजात विचारलं, "आणि मॅडम, तुम्ही?"

चारचौघांत नवरा बोलून बसल्यावर बाईने काय करायचं असतं? मी हसून मान डोलावली. त्याबरोबर सगळ्यांनी जो टाळ्यांचा कडकडाट केला, तो बराच वेळ थांबेना. आमचं श्रीरंग लाजून लालबुंद झालं होतं. त्यांनी त्याला लगेच शेजारच्या खोलीत नेलं. दाराच्या फटीतून एकदा फ्लॅशचा उजेड आला.

३

पुढच्या रविवारी फोन हेमचंद्रांनीच घेतला. वाट बघतच होते. अर्धा तास बोलणं चाललं. श्रीरंगला उन्हाळ्यासाठी वॉशिंग्टनला एका सेनेटरच्या ऑफिसात जागा मिळणार होती. पहिल्या वर्षाच्या मुलाला! डिबेटमध्ये पहिला आला होता. डीनने जेवायला बोलावलं होतं. हेमचंद्र मला खुणेने एकेक सांगत होते आणि मी मान हलवत होते. आईला आनंद व्हायला पाहिजे, झालाही. पण मनात येत होतं की हा मुलगा चारचौघांत बोलायला लागला की ततपप करतो, नवव्या वर्षापर्यंत तर नीट बोलायचाही नाही.

मग मी फोन घेतला. खोकला कसा आहे विचारलं. बरा आहे, आभारी आहे, म्हणाला. म्हटलं, आज सांदण केली आहेत. हा पदार्थ म्हणजे त्याचा जीव की प्राण. "वा, छान," म्हणाला. बँकेतला माणूस म्हणतो तसं.

तेव्हाच मला तो दुसरा आवाज ऐकू आला. त्यांचा फोन हॉलमध्ये आहे, भिंतीला लावलेला. त्याच्या बोलण्यामागे टकटक होत होती. नखाने काचेवर मारल्यासारखी, हलकी. थोडी व्हायची, थांबायची, मी बोलले की परत व्हायची. माझा जन्म काचा हाताळण्यात गेलाय, स्लाइडवर नख लागलं की कसं वाजतं ते मला माहीत आहे. मी विचारलं, कोण वाजवतंय रे ते?

तो कान देऊन ऐकत असावा. माझ्या कानात टकटक स्पष्ट येत होती.

"मला तर काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला.

फोनची लाइन खराब होती, असं मी ठरवलं. लाइनी खराब असतातच. पण हेमचंद्र झोपल्यावर मी उशीत तोंड घालून रडले, आणि कशासाठी ते मला सांगता येईना. मुलगा धडधाकट आहे, हुशार निघालाय, नम्र झालाय. मैत्रिणीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, बाई, तुझं सुख दुखतंय.

४

नोव्हेंबरात हेमचंद्र कंपनीच्या कामाला त्या बाजूला गेले होते, येताना वाकडी वाट करून श्रीरंगच्या फ्रॅटर्निटी हाउसमध्ये डोकावून आले. आले ते हवेतच.

"सुनेत्रा, त्यांनी त्याचा फोटो लावलाय. नामवंतांच्या भिंतीवर."

माझ्या हातात कणीक होती, ती तशीच राहिली. म्हटलं, त्याने अजून काय केलंय? पहिलं सेमिस्टरसुद्धा संपलं नाही. त्यावर हे म्हणाले, मीही कॉल्डवेलना तेच विचारलं, तर ते म्हणाले, आमचा अंदाज आजवर कधी चुकलेला नाही. खाली पट्टी कोरी ठेवली आहे, यथावकाश कोरतील.

मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तो मला आई म्हणत नाही. ते म्हणाले, त्याला तुझ्या पदराआडून बाहेर यायचंय. मी म्हटलं, त्याला सांदण आठवत नाहीत. ते म्हणाले, कोट्यवधी लोकांना सांदण माहीत नाहीत, ते काय पछाडलेले आहेत? आपण या देशात आलो ते कशासाठी आलो, मुलगा मोठा व्हावा म्हणूनच ना, आणि तो होतोय तर तुझ्या पोटात दुखतंय. हे शेवटचं मला फार लागलं. आमच्या घरात असं कुणी कुणाला बोलत नाही.

मला एकच गोष्ट हवी होती, माझा मुलगा. नामवंत नको, सेनेटर नको. फोन केल्यावर सुस्कारा टाकणारा, खोकणारा, ततपप करणारा तो मुलगा. हे मी हेमचंद्रांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं असतं की मग फोनवर बोलतो तो कोण. आणि या प्रश्नाचं उत्तर तोंडाने द्यायची माझी तयारी नव्हती.

शनिवारी मी एकटीच निघाले. हायवेला गाडी घालायची म्हटलं की माझ्या हातापायांना कापरं भरतं, एडिसनच्या बाहेर मी कधी ड्राइव्ह करत नाही. ट्रक शेजारून गेला की मी मोठ्याने भीमरूपी म्हणायची. तशीच म्हणत म्हणत टेकडीपर्यंत पोचले.

५

भर दुपार होती. मुलं फुटबॉलच्या मॅचला गेली होती, लांबून गावातून बँडचा आवाज येत होता. दार श्रीरंगनेच उघडलं. काळा कोट, टाय, केस चापून बसवलेले. रंग, नाक, कानाजवळचा तीळ, सगळं त्याचंच. मी त्याचा हात धरला. हात गरम होता. मी नाडीसुद्धा बघितली, हसू नका, सवयच आहे. नाडी व्यवस्थित चालू होती.

"इतक्या लांब आलात," तो म्हणाला. "या ना. घर दाखवतो."

पाहुण्यांना दाखवतात तसं त्याने मला घर दाखवलं. कपाटं, चषक, पियानो. त्याचे बूट वाजत होते, माझ्या चपला वाजत होत्या, बाकी घरात चिटपाखरू नव्हतं. शेवटी आम्ही त्या भिंतीपाशी आलो आणि तो एकेका नामवंताचं चरित्र सांगू लागला. आता पाढे म्हटल्यासारखं नव्हतं. तो न्यायाधीशाबद्दल असा बोलत होता की जणू सकाळीच दोघे बरोबर चहा प्यायले.

मिस्टर कॉल्डवेल कधी येऊन मागे उभे राहिले ते कळलं नाही. मी त्यांना सरळच विचारलं, यांचे आईबाप कोण होते?

"साधी माणसं, मॅडम. न्यायाधीशांचे वडील स्लोव्हाकियातून आलेले खाणकामगार. बिशपची आई नॉर्वेची, इंग्रजी येत नव्हतं तिला." त्यांनी मान लववली. "सगळी तुमच्यासारखीच. मनाची फार मोठी."

मी विचारलं, मग पुढे ही मुलं घरी जायची का, आईला भेटायला?

त्यांनी खिशातून रुमाल काढून पितळी पट्टी पुसली. बाहेर हवा छान पडली आहे, म्हणाले.

ओळीत शेवटी श्रीरंगचा फोटो होता. तोच कोट, तेच केस. माझा मुलगा त्या फोटोकडे पाठ करून उभा होता, हसतमुख, माझा पुढचा प्रश्न काय असेल याची वाट बघत. काय बोलायचं, कुणाशी बोलायचं, कळत नव्हतं. आणि तोंडून निघालं ते रोजचं. स्वयंपाकघरातून जिन्याकडे तोंड करून अठरा वर्षं मी जे ओरडत आले तेच, त्याच सुरात.

"श्रीरंगा, पान वाढलंय रे. चल, गार होतंय."

समोरचा मुलगा तसाच हसत राहिला. त्याला ते कळलंच नाही.

मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. फोटोतल्या मुलाचे डोळे मघाशी दाराकडे होते. आता ते माझ्याकडे होते. पापणी लवली की नाही ते मी छातीठोक सांगणार नाही, माझे डोळे भरले होते आणि भरल्या डोळ्यांनी बघितलेलं मी लॅबमध्येही धरत नाही. पण आईच्या हाकेला ज्याने तोंड फिरवलं तो माझा. बाकी मला काही ठरवायचं नव्हतं.

मी फ्रेम हुकावरून काढली.

६

मला वाटलं अडवतील. हात धरतील, पोलिसांना बोलावतील. कुणी काही केलं नाही. श्रीरंग, म्हणजे तो, पुढे झाला आणि म्हणाला, जड आहे, मी गाडीपर्यंत आणून देऊ का? मी फ्रेम कोटाच्या आत घेतली, पोटाशी. नको म्हटलं. तो बाजूला झाला.

मिस्टर कॉल्डवेलनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तर वाटलं, त्यांना हेवा वाटत होता. तेही कुणाचा तरी मुलगा असतील, आणि हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे.

"इतक्या वर्षांत न्यायला आलेल्या तुम्हीच पहिल्या," ते म्हणाले. "सांभाळून जा. संध्याकाळी धुकं पडतं."

मी पायऱ्यांशी पोचले नाही तोच आत टकटक सुरू झाली. एका काचेवरची नव्हे. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आधी हलकी, मग जोरात, मग पावसात पत्रा वाजावा तशी. पाठीमागे दार उघडंच होतं. मला कळत होतं ती कुणाला बोलावत होती ते. कुणाच्याही आईला. पण मी वळले नाही. माझे दोनच हात, बाई, आणि दोन्हींत माझं पोर. त्या आयांची क्षमा मी त्या दिवसापासून रोज मागते.

गाडीत फ्रेम मांडीवर आडवी ठेवून, स्टिअरिंग जेमतेम फिरवत मी घरी आले. ट्रकांची भीती वाटली नाही.

७

हेमचंद्र संतापले. चोरी केलीस म्हणाले. हाउसला फोन केला तर कॉल्डवेल म्हणाले, काही हरकत नाही, ती त्यांचीच वस्तू आहे. यामुळे ते अधिकच गोंधळले. मी तो फोटो जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर लावला आणि रोज दोन्ही वेळा आधी त्याच्यापुढे पान वाढू लागले. हार घातला नाही, कुंकू लावलं नाही. तरी यायच्या त्या बायका दारातच थबकायच्या. आमच्यात भिंतीवर मोठा फोटो असला की एकच अर्थ होतो. एकीने तर माझा हात हातात घेऊन विचारलं, कधी गेला हो? आहे, म्हटलं, घरातच आहे. ती परत आली नाही.

हेमचंद्रांना सगळ्यात जास्त त्या पानाचा त्रास व्हायचा. "जिवंत मुलाच्या फोटोपुढे जेवण ठेवतेस? श्राद्ध घालतेस त्याचं?" असं म्हणून ते आपलं ताट घेऊन टीव्हीपुढे जाऊन बसायचे. मला त्यांचा राग येत नव्हता. वाक्य त्यांचं होतं, मान मी डोलावली होती, आणि दोघांनाही पुढे काय होणार ते माहीत नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तो आला. बसने आला, बेल वाजवली, माझ्या हातात चॉकलेटचा डबा दिला. हेमचंद्रांनी त्याला मिठी मारली, त्याने त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. आम्ही दुपारी जेवायला बसलो. त्याने श्रीखंड चमच्याने चाखलं आणि फार वेगळं आहे म्हणाला. पुरी काट्याने तोडायला लागला. हेमचंद्र मध्येच सांगलीची एक जुनी गोष्ट सांगत होते. श्रीरंगला ती पाठ होती, शेवटचं वाक्य तो नेहमी त्यांच्या आधी बोलून टाकायचा. तो ऐकत राहिला, शेवटी योग्य जागी हसला. हेमचंद्र त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग तो पाणी पिताना थांबला. त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली होती. फोटो, आणि फोटोपुढे चौरंगावर वाढलेलं पान. त्याने ग्लास खाली ठेवला, नॅपकिनने ओठ टिपले आणि आवाज खाली आणला.

"देखणा मुलगा आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमचा?"

हेमचंद्रांनी हातातली पुरी ताटात ठेवली. मीच म्हटलं, हो, आमचा.

"माफ करा," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

त्याच्या डोळ्यांत खरंच सहानुभूती होती. तो वाईट मुलगा नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. उद्या मोठा माणूस होईल, त्याचं नाव पेपरात येईल आणि ते योग्यच असेल. संध्याकाळी हाउसमध्ये सगळ्यांचं जेवण होतं म्हणून चारच्या बसने तो परत गेला. जाताना आमचे आभार मानले.

हेमचंद्र त्याला सोडून आले ते कोट न काढताच टेबलाशी येऊन उभे राहिले. मी मघाचं पान काढून नवीन वाढत होते. गरम वरणभात, त्यावर तूप. फोटोची काच धुरकट झाली होती, बरोबर तोंडापाशी, हाताच्या तळव्याएवढी.

"वाफ धरली आहे," ते म्हणाले. "पान जरा लांब ठेव."

त्यांनी खिशातला रुमाल काढून काच पुसली. धुकं गेलं नाही. परत पुसली, जोराने. मग रुमाल ठेवून काचेवरून बोट फिरवलं आणि ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं. कोरडं होतं. काचेवरचं ते धुकं जरा लहान झालं, परत मोठं झालं, परत लहान झालं. झोपलेल्या मुलाच्या छातीकडे बघत बसावं तसे ते बघत बसले. किती वेळ, मी मोजलं नाही. मला त्यांची इतकी दया आली, इतकी कधी आली नव्हती.

शेवटी त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, चौरंगासमोर जमिनीवर मांडी घातली आणि वाकून ताट बघितलं.

"सुनेत्रा," ते म्हणाले, "पानात मीठ वाढायचं राहिलंय." आणि माझी वाट न बघता स्वतःच उठून मिठाची वाटी आणायला गेले.